जुळवून घेणे

मराठी माणसाला आयुष्यात जे उपदेश वारंवार ऐकावे लागतात, त्यांत 'जुळवून घे' या उपदेशाचा क्रमांक बराच वरचा लागावा. सासरी निघालेल्या मुलीला तो केला जातो, बदली झालेल्या कारकुनाला केला जातो, वसतिगृहात पहिल्यांदाच राहायला आलेल्या मुलाला तर त्याचा निरोप घेताना वडील हमखास करतात. या क्रियापदाचे एक वैशिष्ट्य असे की, त्याचा कर्ता बहुधा एकटा असतो आणि दुर्बळ असतो. ज्याच्याशी जुळवून घ्यायचे, ते मात्र ठाम, अचल आणि निरुत्तर असते. परिस्थितीने माणसाशी जुळवून घेतल्याचे वाक्य आपल्या कानांवर सहसा पडत नाही. गेल्या वर्षभरात आम्ही दोघे या क्रियापदाकडे काहीशा संशयाने पाहू लागलो आहोत. त्याला कारण झाला आहे एक जीव, जो नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही.

आम्ही दोघेही खाडीकाठच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. एम.ए.च्या वर्गाला अनुवादाची अभ्यासपत्रिका आहे. कथा-कवितांच्या अनुवादाला विद्यार्थी सरावले की त्यांना एखादा शास्त्रीय निबंध द्यावा, अशी आमची पद्धत आहे. परिभाषा आली की भाषेचे खरे दुखणे कळते, हा त्यामागचा हेतू. गेल्या वर्षी प्राणिशास्त्र विभागातील सहकारी मॅडमनी आम्हांला एक विषय सुचवला : समुद्रातील प्राणिप्लवकांचे वेगवेगळ्या क्षारतेच्या पाण्याशी होणारे आनुवंशिक अनुकूलन. विषयाचे नाव ऐकूनच वर्गाचे चेहरे उतरले होते. पुढे मात्र याच विषयाने वर्गात जेवढा वाद घडवला, तेवढा अलीकडे एकाही कादंबरीने घडवलेला नाही.

'प्लँक्टन' ही संज्ञा जर्मनीतील कील येथील प्राध्यापक व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ साली रूढ केली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भटकणारा, वाहवत जाणारा. प्रवाहाविरुद्ध जाण्याचे बळ ज्यांच्यात नाही, असे पाण्यातले सारे जीव या नावाखाली येतात. आपला शास्त्रीय शब्द 'प्लवक' त्याच्याशी चांगलाच नाते सांगतो. प्राणिप्लवकांत संख्येने मोठा वाटा असतो तो कोपेपॉड नावाच्या कवचधारी जीवांचा. कोपेपॉड म्हणजे ज्याचे पाय वल्ह्यांसारखे आहेत तो. वर्गाने त्याचे 'वल्हेपाय' असे नामकरण करून टाकले आणि शास्त्रज्ञांची क्षमा मागून आम्हीही ते आमच्यापुरते स्वीकारले. जवळा सगळ्यांनी खाल्लेला असतो. हा वल्हेपाय जवळ्याहून कितीतरी लहान, जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा. सूक्ष्म वनस्पती खाऊन तो जगतो, त्याला माशांची पिल्ले खातात आणि मासे आपण खातो. समुद्राच्या अन्नव्यवहाराची पहिली पायरी वनस्पतींची, तर दुसरी बव्हंशी याची.

यांच्यापैकी ज्या एका जातीभोवती आमचा अनुवाद फिरला, तिचे नाव युरिटेमोरा अफिनिस. पोप्पे या अभ्यासकाने १८८० साली तिचे वर्णन केले. नद्यांची मुखे, खाड्या, खाऱ्या दलदली, म्हणजेच आपण ज्याला मचूळ पाणी म्हणतो ते हिचे घर. 'मचूळ' हा शब्द शहरी मराठीतून हळूहळू हद्दपार होत आहे. आमच्या वर्गातील खाडीकाठच्या मुलांना मात्र तो कोशात पाहावा लागला नाही. अनुवादाच्या त्या तासाला प्रथमच असे घडले की, ज्यांची भाषा एरवी 'अशुद्ध' ठरते, ती मुले वर्गाला शब्द पुरवत होती.

मिठाचा प्रश्न असा आहे. महासमुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, नदीच्या पाण्यात जवळजवळ नसतातच. सजीवाच्या शरीरातील द्रवात मात्र सोडियमसारख्या क्षारांचे एक ठरावीक प्रमाण राखावेच लागते. गोड्या पाण्यात पडलेल्या खाऱ्या जिवावर म्हणून दुहेरी संकट येते. बाहेरचे पाणी आत घुसू पाहते आणि आतले क्षार बाहेर झिरपू लागतात. गळक्या होडीत बसून पाणी उपसत राहावे आणि त्याच वेळी होडीतले धान्य वाहून जाऊ नये म्हणून धडपडावे, तशी ही स्थिती. त्यातून वाचायचे तर पेशींच्या आवरणातील रेणवीय पंप चालवून, बाहेरच्या विरळ पाण्यातले सोडियम हुडकून आत ओढावे लागते. एक पंप प्रोटॉन बाहेर फेकतो, त्यामुळे विद्युतभाराचा जो फरक निर्माण होतो, त्याच्या आधाराने सोडियम आत घेता येते. हे काम फुकट होत नाही. त्यासाठी सतत ऊर्जा खर्च करावी लागते. या वल्हेपायांच्या बाबतीत हे पंप ज्या अवयवांत सापडले, ते पोहण्याच्या पायांतच आहेत. त्या अवयवांना 'क्रुसालिस' असे नाव दिले गेले, लॅटिनमधील पाय आणि मीठ या दोन शब्दांचा तो समास. ज्या वल्ह्यांनी पोहायचे, त्याच वल्ह्यांनी मीठही सांभाळायचे, ही योजना ऐकून वर्गातील कवी मंडळी काही काळ अस्वस्थ झाली होती.

आता इतिहास. १९५९ साली सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाला आणि अटलांटिक महासागरातली मोठी जहाजे उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांपर्यंत थेट जाऊ लागली. जहाज रिकामे असले की तोल राखण्यासाठी त्यात पाणी भरून घेतात आणि माल चढवायच्या बंदरात ते ओतून देतात. या पाण्यातून इतर अनेक जीवांप्रमाणे युरिटेमोराही आत पोहोचली, खाडीच्या मचूळ पाण्यातून उचलून एकदम गोड्या सरोवरात. त्यापूर्वीची दुसरी घटना युरोपातील. नेदरलँड्सने १९३२ साली सुमारे ३२ किलोमीटर लांबीचा बांध घालून झायडरझे हा समुद्राचा भाग तोडला. आत उरलेले पाणी काही वर्षांतच गोडे झाले आणि त्याला आयसेलमेर हे नाव मिळाले. इथे जीव कुठेच गेला नव्हता, पाणीच त्याच्याभोवती बदलले होते. विस्थापनाचे हे दोन प्रकार. एकात माणूस गाव सोडतो, दुसऱ्यात गाव माणसाला सोडून जाते. धरणे, कारखाने, महामार्ग यांच्या छायेत वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना दुसरा प्रकार अधिक समजावून सांगावा लागला नाही.

विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातील कॅरल युनमी ली यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले की, खाऱ्या वा मचूळ पाण्यातून गोड्या पाण्यात या जीवाचा शिरकाव एकदाच झालेला नाही. अमेरिका, युरोप आणि आशिया अशा तिन्ही खंडांत तो स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा आणि फार थोड्या काळात झाला आहे. (पुढे २०११ साली अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील वंशाला वेगळ्या जातीचा दर्जा देण्यात आला आणि तिचे नाव ठेवले गेले युरिटेमोरा कॅरोलली. अभ्यासकाचे नाव अभ्यासविषयालाच मिळावे, हे भाग्य साहित्याच्या संशोधकांच्या वाट्याला क्वचितच येते!)

अनुवादाला खरी अडचण आली ती इथे. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, 'ॲक्लिमेशन' आणि 'ॲडॅप्टेशन'. पहिला एकाच जिवाच्या आयुष्यात घडणाऱ्या बदलाचा. दुसरा पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या समूहाच्या जनुकांत होणाऱ्या बदलाचा. विद्यार्थ्यांनी दोन्हींकरिता एकच क्रियापद वापरले होते, अर्थातच 'जुळवून घेणे'. मराठीत या दोहोंसाठी वेगळे शब्द नाहीत काय? बराच वेळ गेल्यावर एका विद्यार्थिनीने पहिल्यासाठी 'सरावणे' हा शब्द सुचवला. उन्हाला कातडी सरावते, अंधाराला डोळे सरावतात, नव्या गावाच्या पाण्याला पोट सरावते. शब्द इतका चपखल होता की, त्यावर चर्चा करण्यासारखे काही उरले नाही. दुसऱ्यासाठी 'अनुकूलन' हा रूढ पारिभाषिक शब्दच ठेवला.

सरावणे आणि अनुकूलन यांतला फरक प्रयोगशाळेत कसा ओळखतात, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. खाऱ्या आणि गोड्या, अशा दोन्ही पाण्यांतले समूह आणून त्यांना काही पिढ्या एकाच प्रकारच्या पाण्यात वाढवायचे. सरावाचा परिणाम असेल तर तो या काळात पुसला जातो. त्यानंतरही दोन समूहांत जो फरक शिल्लक राहतो, तो आनुवंशिक. या कसोटीला उतरलेला फरक मोठा निघाला. गोड्या पाण्यात स्थिरावलेल्या वंशांत प्रोटॉन बाहेर फेकणाऱ्या पंपाचे कार्य गोड्या पाण्यात अधिक जोमाने चालते, आणि स्वतंत्रपणे गोड्या पाण्यात शिरलेल्या वंशांत हा बदल एकाच दिशेने झालेला आहे, असे ली आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवले.

मग येतो तो प्रयोग, ज्याने आमच्या वर्गात वाद पेटवला. तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. बाल्टिक समुद्रातील युरिटेमोराच्या एका वन्य समूहापासून दहा स्वतंत्र वंशावळी प्रयोगशाळेत सुरू केल्या गेल्या आणि त्यांच्या पाण्यातील क्षारता पिढीगणिक कमी करत नेली. ठरावीक पिढ्यांच्या अंतराने त्यांच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन करण्यात आले. दहाव्या पिढीपर्यंत निवडल्या गेलेल्या जनुकरूपांपैकी सुमारे ७९ टक्के रूपे या वेगवेगळ्या वंशावळींत सामाईक निघाली. दहा वंशावळींचा परस्परांशी काही संबंध नसताना त्या जवळपास एकाच वाटेने गेल्या होत्या. संशोधकांनी संगणकीय प्रतिरूपे चालवून याचे जे स्पष्टीकरण दिले, ते साहित्याच्या माणसाला मोह घालणारे आहे. लाभदायक जनुकरूपे एकेकटी असताना जेवढे देतात, त्यांच्या बेरजेहून कितीतरी अधिक ती एकत्र आल्यावर देतात. शब्दांच्या बेरजेहून ओळ मोठी असते, हे आपण काव्यशास्त्राच्या तासाला सांगत आलोच आहोत.

या प्रयोगाचे वर्गात झालेले पहिले भाषांतर असे होते : 'या प्राण्यांनी दहा पिढ्यांत गोड्या पाण्याशी जुळवून घेतले.' व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य. त्यावर खाडीपलीकडच्या गावातून येणारी एक विद्यार्थिनी आपल्या घरच्या बोलीत म्हणाली, "मंग मॅडम, जे मेले त्यांचा काय?"

वर्ग हसला, आणि नंतर हसायचा थांबला. कारण तिचा प्रश्न हा भाषांतरावरचा सर्वांत नेमका आक्षेप होता. त्या पाण्यातल्या कोणत्याही एका वल्हेपायाने आपली जनुके बदललेली नव्हती, तसे कोणालाच करता येत नाही. ज्यांच्याजवळ योग्य त्या जनुकरूपांचा मेळ आधीच होता, त्यांची संतती वाढत गेली. ज्यांच्याजवळ नव्हता, ते मेले किंवा निःसंतान राहिले. पाणी जसजसे गोडे होत गेले, तसतशी ही निवड होत गेली. तिने फळ्याजवळ येऊन वाक्य बदलले : 'दहा पिढ्यांनंतर, गोड्या पाण्यात जगू शकणाऱ्यांचीच संतती शिल्लक राहिली.' पहिल्या वाक्यात एक यशस्वी नायक होता. दुसऱ्या वाक्यात नायक नाही, फक्त वजाबाकी आहे. दोन्ही वाक्ये एकाच घटनेची आहेत, आणि त्यांतील दुसरे खरे आहे.

समूह जुळवून घेतो आणि त्याची किंमत व्यक्ती मोजतात. आपले 'जुळवून घेणे' हे क्रियापद ही किंमत झाकून ठेवते, कारण ते केवळ वाचलेल्यांच्या तोंडी असते. निरोपसमारंभात, सत्कारात, आत्मचरित्रात बोलणारे सारे गोड्या पाण्यात टिकलेलेच असतात. आमच्या महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या वर्गात जितके बाक लागतात, तितके तृतीय वर्षाला लागत नाहीत. मधल्या काळात हजेरीपटावरील काही नावांपुढे तांबड्या शाईची आडवी रेघ आलेली असते. पदवीदानाच्या भाषणात या रेघांचा उल्लेख नसतो, आणि 'आमच्या ग्रामीण विद्यार्थ्यांनी प्रतिकूल परिस्थितीशी जुळवून घेतले' हे वाक्य मात्र असतेच.

इथे सावध राहायला हवे, हे आम्ही जाणतो. जीवशास्त्रातील निष्कर्ष उचलून समाजाला लावण्याचा इतिहास काही फारसा उज्ज्वल नाही. हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ साली वापरलेल्या 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' या शब्दप्रयोगाचे आपल्याकडे 'बळी तो कान पिळी' या म्हणीशी लग्न लावून दिले गेले, आणि त्या जोडीने पुष्कळ अनर्थ केला. पण वल्हेपायांची गोष्ट नीट वाचली तर ती या म्हणीच्या विरोधातच जाते. गोड्या पाण्यात टिकलेले वंश बलवान असतात असे नाही. त्यांना पुन्हा समुद्राच्या तीव्र खाऱ्या पाण्यात सोडले, तर ते त्यांच्या पूर्वजांहून कमी टिकतात, असेही आढळले आहे. एक सामर्थ्य आले ते दुसरे देऊन. योग्यता ही जिवात नसतेच, ती जीव आणि पाणी यांच्या नात्यात असते. पाणी बदलले की कालचा नालायक आज लायक ठरतो.

ज्या जनुकरूपांनी हे वंश वाचवले, ती आली कुठून, हा आमच्या मते या साऱ्या अभ्यासातील सर्वांत अर्थपूर्ण प्रश्न आहे. जलमार्ग खुला झाल्यापासून लोटलेली वर्षे उत्क्रांतीच्या हिशेबात क्षणमात्र आहेत. इतक्यात नवे, उपयुक्त जनुकीय बदल घडून, पसरून, स्थिर व्हावेत असे संभवत नाही. उत्तर दडले आहे ते मचूळ पाण्यात. नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीगणिक आणि ऋतूगणिक क्षारता बदलत राहते. एका ऋतूत एक जनुकरूप उपयोगी, तर दुसऱ्या ऋतूत दुसरे. त्यामुळे एकाचाही पूर्ण निःपात होत नाही आणि दोन्ही समूहात टिकून राहतात. ज्या जिवाजवळ दोन्ही रूपे असतात, त्याच्यात त्या-त्या पाण्यात उपकारक असणारे रूपच वरचढ ठरते, असे संकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळाले आहेत. तसे असेल, तर प्रसंगी निरुपयोगी ठरलेले रूप दुसऱ्याच्या आडोशाला लपून राहते, निवडीच्या तडाख्यातून वाचते आणि आपला ऋतू येण्याची वाट पाहते. शिवाय या जीवांची काही अंडी गाळात तशीच पडून राहतात आणि वर्षांनंतरही त्यांतून पिल्ले बाहेर येऊ शकतात. गाळ ही समूहाची स्मृतीच म्हणायची.

म्हणजे संकटाच्या वेळी जे कामी आले, ते संकटाच्या वेळी निर्माण झालेले नव्हते. ते आधीपासून सांभाळलेले होते, आणि सांभाळले गेले ते सतत बदलणाऱ्या, ना धड खाऱ्या ना धड गोड्या अशा सरमिसळीच्या जागी. आमच्या भागातील शेतकऱ्याला हे तत्त्व वेगळ्या मार्गाने ठाऊक आहे. गोव्याच्या खाजणांत कोरगुट भात टिकून राहिले, खारेपाटात राता भाताची जुनी वाणे टिकली. चांगल्या जमिनीच्या हिशेबाने उत्पन्न कमी असूनही कोणीतरी ती पेरत राहिले म्हणून. बांध फुटून खारे पाणी शेतात आले की त्यांचे मोल कळते.

बाल्टिक समुद्रात हे सारे एकाच नकाशावर दिसते. डेन्मार्कजवळ तिथली क्षारता वीसच्या आसपास असते, तर उत्तर टोकाला, बोथनियाच्या उपसागरात, ती दोन-तीनवर येते. या दोन टोकांच्या दरम्यान ठिकठिकाणी युरिटेमोराचे वन्य समूह नांदतात. हे जीव प्रवाहाबरोबर वाहतात, त्यांच्यात जनुकांची देवघेव चालते. असे असूनही उत्तर समुद्र आणि बाल्टिक यांतील समूहांच्या जनुकसंचाचे अलीकडे जे वाचन झाले, त्यात स्थानिक पाण्याची खूण स्पष्ट सापडली, आणि ती सापडली विशेषतः क्षार आत-बाहेर नेणाऱ्या जनुकांत. आपल्या समीक्षेतील स्थानिकतेची सारी रूपके मातीची आहेत : मूळ, रुजणे, मुळे उखडणे, मातीशी नाते. ज्याला मूळ नाही तो उपरा, असे ती रूपके नकळत शिकवतात. नेमाड्यांच्या देशीवादावर आजवर झालेल्या सगळ्या वादांत, समर्थकांत आणि विरोधकांतही, ही माती कायम होती. वल्हेपायांना मुळेच नाहीत, त्यांचे नावच भटके आहे. तरीही ते आपापल्या पाण्याचे आहेत. भटक्या जमातींचे, स्थलांतरितांचे, ऊसतोडणीला जाणाऱ्यांच्या मुलांचे साहित्य वाचताना हे पाण्याचे रूपक आपल्याला अधिक उपयोगी पडेल असे आम्हांला वाटते.

विषय केवळ रूपकाचा नाही, हेही नोंदवले पाहिजे. हवामानबदलामुळे उच्च अक्षांशांवरील किनारी समुद्रांत पाऊस, नद्यांचा ओघ व वितळणारा बर्फ वाढून क्षारता वेगाने घटेल, असा अंदाज आहे. त्या समुद्रांतील माशांचे भवितव्य या मिलिमीटरभर जिवांच्या मीठ सांभाळण्यावर अवलंबून राहील, आणि ते सांभाळणे त्यांच्या समूहांत आज किती वैविध्य उरले आहे यावर.

आमचे दोघांचे अंतिम म्हणणे भाषेपुरते आणि वर्गापुरतेच आहे. वर्ग ही मचूळ पाण्याची जागा आहे. तिथे घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांची भरती-ओहोटी चालू असते. एखादा विद्यार्थी घरची भाषा पार विसरून प्रमाण मराठीत निष्णात होतो, तेव्हा त्याने जुळवून घेतले म्हणून आपण आनंदतो. पण गोड्या पाण्यात गेलेल्या वंशाने काय गमावले, हेही आता आपल्याला माहीत आहे. उत्तरपत्रिकेत प्रमाण भाषा आणि फळ्यापाशी घरची बोली, अशी दोन्ही रूपे ज्याच्याजवळ आहेत, त्याला कोणते पाणी परके? 'मचूळ' हा शब्द आमच्या वर्गाला मिळाला, तो जी बोली परीक्षेत गुण घालवते तिच्यातूनच मिळाला.

ली यांच्या संशोधनातील आणखी एक निष्कर्ष आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, अन्न मुबलक असेल तर खाऱ्या पाण्यातून आलेले वल्हेपायही कमी क्षारतेत अधिक संख्येने तगतात. कारण उघड आहे. पंप चालवायला ऊर्जा लागते आणि ऊर्जा अन्नातून येते. म्हणजे पाणी तेच, जनुके तीच, केवळ पोटभर अन्न असल्याने मरणारे वाचतात. ज्यांना आपण 'जुळवून घेता न आलेले' म्हणतो, त्यांच्यातील कित्येकांत उणीव पात्रतेची नव्हतीच, ती अन्नाची होती.

वल्हेपायाला पाणी बदलता येत नाही आणि शेजाऱ्याला घास देता येत नाही. माणसाला दोन्ही येते, आणि नेमक्या याच ठिकाणी ही उपमा संपते, संपायलाही हवी. वेळेवर मिळालेली शिष्यवृत्ती, वसतिगृहाची चालू राहिलेली खानावळ, शेवटच्या एस.टी.च्या वेळेशी जुळणारे वेळापत्रक, ग्रंथालयात अनामत रकमेवाचून मिळणारे पुस्तक ही सारी आमच्या दृष्टीने अन्नाची रूपे आहेत. शेवटच्या एस.टी.चे उदाहरण हवेतले नाही. त्या विद्यार्थिनीच्या गावाची गाडी साडेचारला सुटते आणि अनुवादाचा तास पाचला संपत असे. यंदापासून तो सकाळच्या सत्रात घेतला जातो. वेळापत्रकाने एका गावाशी जुळवून घेतले, असे मराठी वाक्य आता लिहिता येते.

तिचा अनुवाद विभागाच्या हस्तलिखितात लावला आहे. त्यात 'जुळवून घेणे' हे क्रियापद एकदाही आलेले नाही. 'सरावणे' आहे, 'अनुकूलन' आहे, 'तगणे' आहे, 'मरणे' आहे. प्रत्येक जागी कर्ता कोण, ते स्पष्ट आहे.